भिंतीवरून उतरलेला माणूस

१. चेहरा नाहीसा होतो

जो मनुष्य वर्षानुवर्षे साऱ्या शहराला "पुढे सरका, पुढे जागा आहे" असे बजावीत आला, तोच मनुष्य एका सोमवारी सकाळी भिंतीवरून नाहीसा झाल्याचे आढळून आले.

मनुष्य म्हणजे अर्थातच त्याचे चित्र. आमच्या आरोग्य खात्याच्या धूम्रपानविरोधी प्रचार शाखेने त्या वर्षी दोन प्रकारची पोस्टरे छापून घेतली होती. एकावर काळे पडलेले फुफ्फुस होते. दुसऱ्यावर शहराच्या बसगाडीतला एक सेवानिवृत्त कंडक्टर होता. सिगारेटीपायी त्याच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि वाचा कायमची गेली. चित्रात तो गळपट्टा सोडून, गळ्याचे छिद्र उघडे ठेवून, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून बसला होता. खाली अक्षरे होती : "माझा आवाज धुरात गेला. तुमचा अजून आहे."

या मोहिमेसाठी आमच्या शाखाप्रमुख बाईंनी अर्थखात्याच्या पायऱ्या झिजविल्या होत्या. मी त्या शाखेचा भांडारपाल. प्रत्येक पोस्टर माझ्या हातून गेलेले. त्यामुळे अर्थखात्याचे साहेब दार ढकलून आत आले तेव्हा मी भांडाराची नोंदवही आधीच काखेत मारली.

"बाई, कारखान्यामागच्या वस्तीतली कंडक्टरची पोस्टरं कुठं आहेत?"

"लावलीत साहेब. लावल्याचे फोटो आहेत."

"फोटोत आहेत, भिंतीवर नाहीत. मी स्वतः फिरून आलो. आता मी काय फोटोत राहायला जाऊ?"

साहेबांनी लगेच दुसरा बाण सोडला. "आणि गंमत ऐका. ताज्या पाहणीत सिगारेट ओढणारे सगळ्यात जास्त कुठं कमी झालेत? त्याच वस्तीत! जिथं ही जाहिरात नाही तिथं लोक सुधारतायत. मग सरकारनं हा खर्च करायचा तरी कशाला? शुक्रवारच्या बैठकीत मी मोहीम बंद करायची शिफारस करणार. त्याआधी काही सांगायचं असेल तर सांगा."

साहेब गेले. बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले आणि मला म्हणाल्या, "तुमचे ते पोलिसातले दाजी सध्या काय करतात हो?"

२. रागावलेला हात असा नसतो

माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, हे गुन्हे शोधण्यात उभी हयात घालवून नुकतेच घरी बसले होते. मी विनंती करताच आतून ताईचा आवाज आला, "ने रे बाबा, ने त्यांना! निवृत्त झाल्यापासून माझ्या डब्यांची झडती घेतायत. काल साखर कमी झाली म्हणून माझा जबाब घेतला."

"आणि जबाबात विसंगती होती," दाजी जोडे घालीत म्हणाले. "चला, शालकबुवा."

कारखान्यामागची वस्ती म्हणजे तीनमजली जुन्या इमारतींची एक लांबलचक रांग. खाली दुकाने, वर बिऱ्हाडे, मध्ये अरुंद जिने. कोपऱ्यावर सिगारेटचे दुकान. पहिला संशय साहजिकच त्या दुकानदारावर.

"तुमच्या धंद्याला त्या पोस्टरचा त्रासच असणार," दाजी म्हणाले.

दुकानदार हसला. "मी कशाला फाडू साहेब? ते तुमचं काळं फुफ्फुस बघा, माझ्या शटरला चिकटून लावलंय. रोज सकाळी त्याचंच तोंड बघतो. फाडायचं तर तेच नसतं का फाडलं?"

खरोखरच फुफ्फुस जिथल्या तिथे होते. पुढच्या भिंतीवरही होते, त्याच्या पुढेही होते. नाहीसा झाला होता तो केवळ कंडक्टर.

"आणि कंडक्टरला कोण फाडेल हो?" दुकानदाराचा स्वर उतरला. "ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी आला आणि पाकीट समोर ठेवलं. म्हणाला, अर्धं राहिलंय, परत घे."

"घेतलंत?"

"घेतलं. विकलं मात्र नाही."

दाजी रिकाम्या भिंतीपाशी गेले. कंडक्टर जिथे असावयास हवा होता तिथे वाळलेल्या खळीचे चार लहान ठिपके तेवढे होते, चार कोपऱ्यांत चार. कागदाचा एक कपटादेखील उरला नव्हता. शेजारच्या फुफ्फुसाचा सुटलेला काठ दाजींनी नखाने उचलून पाहिला. त्याखाली खळ सबंध पसरलेली होती.

"शालकबुवा, पोस्टर फाडणारा माणूस रागात असतो. रागातला माणूस असे कोपरे सोडवत बसत नाही. हे कोणीतरी जपून उतरवलंय. झोपलेल्या मुलाच्या अंगातला सदरा काढावा तसं."

"पण कोणी?"

"ते कळलं असतं तर तुमच्या ताईचे डबे सोडून मी इथं आलो असतो का? आता ज्याचा या पोस्टरच्या पैशावर डोळा आहे, त्याच्याकडे न्या मला."

३. श्वासाची साक्ष

असा मनुष्य एकच होता. खात्यातले आकडेवाले! उंच, शुष्क आणि कोणाच्याही विनोदाला न हसणारे. जाहिरातीचा निधी आपल्या पाहणीकडे वळवावा, असे त्यांनी भर सभेत सुचविले होते. साहेबांच्या हाती त्या वस्तीतल्या घटीचा आकडा ठेवणारेही तेच.

दाजींनी आडपडदा न ठेवता विचारले, "हे आकडे तुम्ही फिरवलेत का?"

आकडेवाल्यांनी टेबलाचा खण ओढावा तसा खालचा ओठ पुढे ओढला. "आकडे माझे पगारी नोकर नाहीत, मी सांगेन तसं बोलायला. आम्ही लोकांना नुसतं विचारत नाही, नळीत फुंकायला लावतो. ओढणाऱ्याच्या श्वासात विषारी वायू सापडतो. माणूस थाप मारेल, श्वास मारत नाही."

"मग घट खरी?"

"घट सगळ्या शहरात आहे. सिगारेटवरचा कर वाढला, महाग झाली, थोडी सुटली. ते समजण्यासारखं आहे. पण त्या वस्तीत ती इतकी जास्त का, हे मला कळत नाही. तिथं पगार वाढले नाहीत, घटले नाहीत, दवाखाना नवीन नाही. आणि तुमचं पोस्टरही भिंतीवर नाही." त्यांनी प्रथमच माझ्याकडे पाहिले. "खरं सांगू? त्या घटीनं माझी झोप उडवलीय."

"फुंकायला लावता ते कुठं? घरात बसून?"

"इतर वस्त्यांत घरात. त्या वस्तीत दारात. आत कोणी घेतच नाही. माझ्या माणसांना पाणीसुद्धा जिन्यात उभं राहून प्यावं लागतं."

दाजींची डावी भुवई वर गेली. ताईच्या सांगण्यानुसार ती भुवई वर गेली की घरातल्या माणसांनी आपापले अपराध आठवू लागावे.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "आता चित्रातल्या माणसालाच भेटू. स्वतःचा चेहरा कुठं गेला, हे त्याला ठाऊक असायला हवं."

४. चित्रातला माणूस नाही म्हणतो

कंडक्टर त्याच रांगेतल्या शेवटच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर राहत होते. वाटेत तीन दारे ठोठावून, पत्ता विचारीत आम्ही तिथे पोहोचलो. दार त्यांच्या पत्नीने उघडले. सारी वस्ती त्यांना काकू म्हणते, म्हणून मीही तसेच म्हणतो.

"या, या, आत या. अहो, पाहुणे आलेत!"

खिडकीशी बसलेल्या कंडक्टरांनी हात हलवून बराच वेळ काहीतरी सांगितले. छताकडे बोट, खुर्चीकडे बोट, मग पोटावर हात.

"ते म्हणतात, बसा," काकू म्हणाल्या.

कंडक्टरांनी कपाळाला हात लावला.

"बरं, अजून थोडं म्हणाले. पंखा बिघडलाय, ती मोडकी खुर्ची सोडून बसा, आणि सकाळपासून मी त्यांना चहा दिलेला नाही. यातलं शेवटचं धादांत खोटं आहे."

दाजी मोकळेपणाने हसले. नंतर त्यांनी हळूच पोस्टरचा विषय काढला. कंडक्टरांचे हात थांबले. मग त्यांनी गळपट्ट्यावर बोट ठेवले, खिडकीबाहेर दाखविले आणि हवेत पाटी पुसावी तसा हात फिरविला.

काकूंनी तोंड फिरविले. "हे मी नाही सांगणार."

कंडक्टरांनी पुन्हा तीच खूण केली.

"म्हणतात, माझ्या गळ्याचं भोक बघून लोकांच्या तोंडातला घास फिरत असेल. काढलं तर बरंच केलं. पुढच्या वर्षासाठी बाई सही मागायला येतील, तर सांग, देणार नाही." काकूंनी खिडकीचा पडदा उगाच सरळ केला. "पोस्टर लागलं तेव्हा गुपचूप इस्त्रीचा सदरा घालून बघून आले होते हो. आणि आता हे. शेजारीपाजारीही बदलले. आधी घरात ओढून न्यायचे. आता कोणाकडे गेलं की दारातच उभं करतात. मायेनं बोलतात, पण दारातच."

माझे मन खिन्न झाले. चित्रातल्या मनुष्याची संमती दर वर्षी नव्याने घ्यावी लागते. ती न मिळाल्यास साहेबांनी मोहीम चालू ठेवूनही उपयोग नव्हता, कारण या चेहऱ्यावाचून आमच्याजवळ उरत होते केवळ काळे फुफ्फुस, आणि त्याची दखल तर दुकानदारही घेत नव्हता.

जिना उतरताना मी म्हणालो, "संपलं दाजी. लोकांना किळस आली, त्यांनी उतरवलं."

"किळस आलेला माणूस कागदाचे कोपरे जपत नाही." दाजी मधल्या पायरीवर थांबले. "नीट आठवा. आज आपण चार दारं ठोठावली. लोक गोड बोलले, पाणी दिलं. आत किती जणांनी बोलावलं?"

"कंडक्टरांनी."

"फक्त कंडक्टरांनी. ज्याचं पोस्टर हरवलंय त्याचं घर उघडं आहे आणि बाकी सगळ्यांची बंद! शालकबुवा, चोरीचा माल भिंतीबाहेर नाही. तो भिंतीच्या आत आहे."

५. बादली आणि कुंचा

दुसऱ्या दिवशी दाजींनी खळवाल्याला कचेरीच्या मागील अंगणात बोलाविले. शहरभर आमची पोस्टरे चिकटविणारा हा इसम. राहावयास तो त्याच वस्तीत होता. पोस्टर चिकटवावयाचे, त्याचा फोटो काढून कचेरीत पाठवावयाचा, की त्याचे काम पूर्ण, अशी आमची रीत.

"एक लावून दाखव," दाजी म्हणाले.

खळवाल्याने बादलीत कुंचा बुडविला, भिंतीवर उभा-आडवा सबंध फिरविला, वर कंडक्टर ठेवला आणि तळहाताने मधून काठांकडे हवा काढीत नेली. काम इतके सफाईचे की दाजींना कौतुक वाटले.

"वा! आता हे उतरव बघू. न फाडता."

"कसं उतरेल साहेब? सगळीकडं खळ लागलीय."

"मग तुझ्या वस्तीत कसं उतरलं? तिथं भिंतीला चार ठिपके आहेत. फुफ्फुसाला मात्र सबंध खळ. एकाच बादलीतनं, एकाच हातानं."

खळवाला बादली पालथी घालून तीवर बसला. बादलीत अद्याप खळ होती. ती त्याच्या जोड्यांवरून वाहू लागली, तरी त्याला भान नव्हते.

"पहिल्या खेपेची सगळी पोस्टरं पावसानं नेली. दुसऱ्या खेपेपासून कंडक्टर मी ठिपक्यांवरच लावायचो. फोटो काढायचो आणि ओलं असतानाच काढून द्यायचो."

"किती घेतलेस त्याचे?" मी रागाने विचारले.

तो ताडकन उठला. "कंडक्टरला विकू? अहो, खिशात दमडी नसायची तेव्हा त्यानं मला कारखान्यापर्यंत नेलंय, स्वतःच्या पैशानं तिकीट फाडून! मागितलं त्याला दिलं. पहिलं शिवणवाल्या वहिनींनी मागितलं."

"कशाला मागितलं?"

"ते नाही सांगणार. शब्द दिलाय." मग दाजींकडे पाहून तो हळूच म्हणाला, "पण तुम्ही आत गेलात तर मी काय तुमचा हात धरणार आहे?"

६. नळाला पाणी नाही

शिवणवाल्या वहिनी दारात उभ्या होत्या. गळ्यात मोजमापाची फीत, तोंडात दोन टाचण्या आणि दोन्ही हात चौकटीला. जणू तटबंदीच.

"वहिनी, जरा हात धुवायचे होते," दाजी नम्रपणे म्हणाले.

"नळाला पाणी नाही."

आत बादली भरून वाहत असल्याचा आवाज स्पष्ट येत होता. दाजींनी ऐकले, वहिनींनी ऐकले, आणि दाजींनी ऐकल्याचे वहिनींनी पाहिले.

"खळवाल्यानं काही सांगितलं नाही," दाजी म्हणाले. "पण शुक्रवारी ही मोहीम बंद होणार आहे. आणि कंडक्टरांना वाटतंय की तुम्हा सगळ्यांना त्यांची किळस आली."

वहिनींच्या तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या. "किळस? आम्हाला?" त्या झटकन बाजूला झाल्या. "या आत. या आणि बघाच."

आम्ही शिलाईच्या यंत्राला वळसा घालून आत गेलो. वहिनींनी संडासाचे दार उघडले आणि त्याची आतली बाजू आमच्याकडे फिरविली.

दारावर कंडक्टर बसले होते. आत बसलेल्या मनुष्याच्या नेमके डोळ्यांसमोर. कडांना वहिनींनी कापडी किनारदेखील शिवली होती.

"आमचे हे इथंच ओढायचे," वहिनी म्हणाल्या. "रस्त्यावर पोस्टर होतं तेव्हा त्याच्याच खाली उभे राहून ओढायचे! रस्त्यावर तो सगळ्यांकडे बघतो, म्हणजे कोणाकडेच नाही. इथं फक्त ह्यांच्याकडे बघतो. माझं बघून जिन्याखालच्या घरानं मागितलं, मग वरच्यानं. जिचा नवरा जिथं लपून ओढतो तिथं तिनं लावलं. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या न्हाणीत."

आतल्या खोलीतून त्यांचे यजमान लाजत लाजत बाहेर आले. "काय सांगू साहेब, दार लावलं की तो आणि मी. काडी काढली की वाटतं, आता तिकीट मागेल. कितीदा पेटवायला घेतली आणि खिशात घातली. आता खिशातही नसते."

"मग हे सगळं कंडक्टरांना सांगितलं का नाहीत?" मी विचारले.

"काय सांगू?" वहिनी माझ्यावरच उसळल्या. "तुम्हाला आम्ही संडासात लावलंय, असं सांगू? त्या देवमाणसाला? घरात बोलवावं तर हात धुवायला आत जाणारच ना! काकू दारात आल्या की माझा जीव तुटतो. पण आत कशी घेऊ?"

दाजींनी त्या कापडी किनारीवरून एकदा बोट फिरविले. मग म्हणाले, "आकडेवाल्यांना बोलवा. आजच्या आज."

७. शुक्रवार, आणि त्यानंतर

बैठकीत दाजींनी आपला तर्क एकेक पायरीने मांडला : फुफ्फुस राहिले व कंडक्टर गेला, म्हणून हे सिगारेटवाल्याचे काम नव्हे, ठिपके होते, म्हणून चिकटविणाऱ्यानेच ते उतरविण्याच्या बेताने लावले होते, दारे बंद होती, म्हणून माल घरात होता.

"म्हणजे सरकारी मालाचा अपहार!" साहेब गरजले.

तेव्हा आकडेवाले उभे राहिले. "साहेब, मी घरोघर आत जाऊन पुन्हा श्वास तपासले. ज्या घरांत कंडक्टर नाही, तिथली घट बाकीच्या शहराएवढीच आहे, ती कराची. जास्तीची सगळी घट कंडक्टर असलेल्या घरांत आहे. एका वस्तीवरून मी सिद्धांत मांडणार नाही. ज्यांना सोडायचीच होती त्यांनीच पोस्टर नेलं, असंही असू शकेल."

"पोस्टर नेलं बायकांनी," बाई म्हणाल्या, "आणि ओढत होते नवरे."

आकडेवाल्यांनी वहीच्या समासात काहीतरी टिपले. "हा मुद्दा बळकट आहे," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हास्यासारखे काहीतरी उमटून गेले. "तेव्हा जाहिरात नसलेल्या जागी लोक सुधारले, असं म्हणायला साहेबांना आता आधार नाही. जाहिरात होती. आपण चुकीच्या भिंतीवर शोधत होतो."

साहेबांनी खळवाल्याला लेखी समज द्यावयास सांगितले आणि पुष्कळ खाकरून निर्णय दिला. आणखी एक वर्ष. पोस्टर लहान छापावे, दाराच्या मापाचे, आणि मागेल त्याला द्यावे. मात्र चित्रातल्या मनुष्याची संमती असेल तरच. नसेल तर मोहीम तिथेच संपली.

शनिवारी बाई, दाजी व मी कंडक्टरांकडे गेलो. बाईंनी सर्व हकीकत सांगितली. ते ऐकत राहिले. चेहऱ्यावर रेषही हलली नाही. नंतर त्यांनी इस्त्रीचा सदरा चढविला, गळपट्टा नीट केला आणि काकूंना दाराकडे बोट दाखविले.

"म्हणतात, दाखवा," काकू कुजबुजल्या.

शिवणवाल्या वहिनी त्यांना पाहताच रडू लागल्या. "कंडक्टर, नका हो जाऊ आत. रागवाल."

ते गेले. संडासात शिरले आणि त्यांनी आतून दार लावून घेतले.

बाहेर वहिनी, त्यांचे यजमान, बाई, दाजी, काकू व मी असे सहा जण श्वास रोखून उभे होतो. आतून काही ऐकू येईना. येणार तरी कसे? रागावला असता तरी त्या मनुष्याला ओरडता आले नसते. हसला असता तरी आवाज नव्हता. काकूंनी माझी बाही घट्ट धरली होती. बाईंनी संमतीचा कागद पिशवीतून काढून हातात धरला होता.

तितक्यात दाराच्या फळीवर आतून दोन ठोके पडले. टक, टक.

काकूंना त्याचा अर्थ सांगावा लागला नाही. या शहरात तो कोणालाच सांगावा लागत नाही. सर्व माणसे आत आली, कोणी खाली राहिले नाही, की हाच मनुष्य गाडीच्या पत्र्यावर असे दोन ठोके देत असे, आणि गाडी निघत असे.

बाई त्याच्याच गाडीला लोंबकळत कॉलेजात गेलेल्या. त्यांनी पेनाचे टोपण काढले आणि दार उघडण्याची वाट पाहत उभ्या राहिल्या.